पाच सह्यांचं रानडुक्कर

आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना साहेब म्हणत, नर्सला सिस्टर म्हणत आणि मला ‘बोट टोचणाऱ्या बाई’. एकतीस वर्षं मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथे धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं अशा एका तालुक्याच्या गावी गेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचाल तर कारण कळेल. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून बाजारात मला पाहून एखादा माणूस नकळत हात मागे घेतो. मला त्यात मान वाटतो.

आमचं काम सोपं आहे आणि कंटाळवाणंही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. आमच्या भागात मुख्य शोध हिवतापाचा आणि हत्तीपायाच्या जंताचा. त्याशिवाय पांढऱ्या पेशींची मोजणी. शंभर पेशी मोजायच्या आणि त्यात कोणत्या जातीच्या किती, ते लिहायचं. यातली एक जात आहे इओसिनोफिल. दिसायला सगळ्यांत देखणी. आत नारिंगी दाणे खच्चून भरलेले, जणू कोणी डाळिंब फोडून ठेवलंय. ते दाणे म्हणजे विष असतं. जंत हा पेशीच्या मानाने एवढा मोठा प्राणी की त्याला गिळता येत नाही, म्हणून या पेशी त्याच्याभोवती जमतात आणि विष ओततात. शंभरात दोन-चार असाव्यात असं पुस्तक म्हणतं. आमच्याकडे आठ-दहा निघाल्या तरी मी भुवई उचलत नसे. चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्या माणसांचं रक्त पुस्तकाप्रमाणे कसं असणार?

ही हकिगत कोरोना ओसरल्यानंतरची. त्या काळात लोकांना एक नवा शब्द मिळाला होता, प्रतिकारशक्ती. आमच्या व्हरांड्यात ती वाढवण्याचं मोठं पोस्टर होतं. घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. माणसं माझ्या खिडकीशी येऊन सांगत, बाई, माझी प्रतिकारशक्ती किती हाये ते पाहून द्या. अशी काही तपासणी आपल्याकडे नाही म्हटलं की नाराज व्हायची. एकाने तर मोठ्या दवाखान्यात होते म्हणून मला सुनावलंही. ती कमी पडेल याची भीती सगळ्यांना होती. जास्तीची झाली तर काय, हे विचारायला कोणी आलं नाही.

धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपत आला होता तेव्हा तुळशीराम लेनगुरे आला. चार एकराचा धानवाला, पन्नाशीचा, धट्टाकट्टा. त्याच्या डोळ्यांच्या पापण्या अशा सुजल्या होत्या की मधमाश्यांनी फोडून काढलंय असं वाटावं. अंगात ताप, पोटऱ्या आणि जबडा दुखतोय, भाकर चावता येत नाही. साताऱ्याकडचे डॉ. सावंत तेव्हा नुकतेच आले होते. सरकारी सेवेच्या बॉण्डचं वर्ष पुरं करायला आलेले, हुशार, पण आमची बोली त्यांच्या कानात अजून बसली नव्हती. ‘आंग चमकून राह्यलं’, म्हणजे ठणकतंय, असं तुळशीराम म्हणाला तेव्हा त्यांनी त्याचा शर्ट काढून कातडी तपासली होती. सुजलेलं तोंड पाहून त्यांना मूत्रपिंडाची शंका आली. लघवी तपासली, ती साफ. हिवतापाची काचपट्टी पाहिली, तीही साफ. मग मी पेशी मोजायला बसले आणि पहिल्याच रांगेत नारिंगी दाणे, दुसऱ्या रांगेतही तेच. शंभरात बेचाळीस निघाल्या. मी दुसरी काचपट्टी केली, पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस.

चार दिवसांत त्याच गावचे आणखी दोघं आले. तशाच पापण्या, तसाच जबडा, तसंच रक्त. साहेब म्हणाले, पाण्यातून काही आलं असेल. पण तिघंही बाप्ये होते. घरची बाई नाही, लेकरू नाही. पाणी काय बाप्यांचं वेगळं असतं का, असं मी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तिघांनाही विचारलं की एकत्र काय खाल्लं. तिघांनी एका सुरात वरण-भात सांगितला. एवढं एकमत आमच्या गावात ग्रामसभेतही होत नाही.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामची बायको रिपोर्ट न्यायला आली. मी तिला आत बसवलं, चहा दिला. नवऱ्याच्या पोटात काय गेलं हे कळलं तर औषध नेमकं देता येईल, एवढंच बोलले. ती म्हणाली की वावरात शिजवलेलं बायांना कुठं कळते, ते घरात चालतही नाही. मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. कप अर्धा ठेवून गेली. पण घरात न चालणारं आणि वावरात शिजणारं असं आमच्याकडे एकच मांस असतं, आणि ते खाल्ल्याची कबुली म्हणजे वन्यजीवाची केस.

साहेबांना मी रानडुकराचं सांगितलं. ते रात्रीतून पुस्तकं, फोन, सगळं करून आले. डुकराच्या मांसात कधी कधी एका जंताची पिल्लं गुंडाळी करून बसलेली असतात, नाव ट्रिकिनेला. मांस नीट शिजलं तर ती मरतात. कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात वाढतात, आणि त्यांची पिल्लं रक्तातून फिरत पोटऱ्या, जबडा, डोळ्यांचे स्नायू अशा ठिकाणी घरं करतात. आपल्याकडे फार क्वचित. मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. साहेबांनी तिघांना गोळ्या सुरू केल्या आणि तिघांचा आजार उताराला लागला. खाल्लं मात्र तिघांनीही वरण-भातच.

त्यानंतर आठवड्याने देविदास मोहुर्ले आला. हा तुळशीरामच्या गावाकडच्या जंगलाचा, म्हणजे त्या बीटाचा, वनरक्षक. माझ्या चांगला ओळखीचा, कारण दर पावसाळ्यात त्याला हिवताप होई आणि दर पावसाळ्यात तो माझ्याशी सुईवरून वाद घाले. जंगलात वाघाच्या मागावर एकटा फिरणारा माणूस सुईला भीत असे. त्या दिवशी तो भांडला नाही. मोटारसायकलवरून उतरून खिडकीपर्यंत चालत आला आणि कठडा धरून उभा राहिला. बाई, दम लागून राह्यला, म्हणाला. छातीत पाखरू फडफडल्यासारखं वाटते. पंधरा दिवसांपूर्वी पापण्या सुजल्या होत्या, त्या उतरल्या, म्हणून त्याने दाखवलं नव्हतं. घरी बायको रोज दोन वेळा काढा देत होती, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून.

इसीजी बिघडलेला होता. माझ्या काचपट्टीवर शंभरात एकोणसाठ इओसिनोफिल निघाल्या. एवढ्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

साहेबांनी विचारलं, रानडुक्कर खाल्लं का? देविदासने चक्क हात जोडले. म्हणाला, साहेब, मी शासनाचा माणूस, मी त्या गावात शिकारबंदीचे बोर्ड लावले, मी कसा खाईन? शिवाय नवरात्रापासून मांसमच्छी सोडलेली.

मला बाहेर बोलावून साहेब बोलले. त्यांचा चेहरा उतरला होता. या माणसाच्या हृदयाला सूज आहे. कारण तेच असेल तर जंताच्या गोळीबरोबर स्टेरॉइड द्यायला हवं, लगेच. पण स्टेरॉइड म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाबण्याचं औषध. कारण दुसरं निघालं, समजा एखादा विषाणू, छातीतला क्षय किंवा पोटातला वेगळा जंत, तर त्याच औषधाने तो मोकाट सुटेल. चंद्रपूरला पाठवतोच आहे, पण तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतील. मोठ्या तपासण्यांचा निकाल यायला दिवस लागतील, आणि तेवढे दिवस याच्याकडे आहेत की नाहीत, सांगता येत नाही.

ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. ती यायला तास होता. मी देविदासला व्हीलचेअरवर बसवून माझ्या खोलीत आणलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर नेलं. एकतीस वर्षांत मी कोणत्याही पेशंटला त्याची काचपट्टी दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवली.

त्याने डोळा लावला. सुंदर दिसते, म्हणाला.

मी त्याला सांगितलं की हे तुझेच आहेत, तुझ्या रक्षणाला निघालेले. जंताचं पिल्लू तुझ्या हृदयात घर करत नाही. रक्ताबरोबर येतं, हृदयाच्या मांसातून जातं आणि पुढे निघून जातं. पण हे त्याच्या मागावर येतात, आणि ते निघून गेलं हे यांना कळत नाही. विष तिथेच ओततात. आत्ता तुला जे होतंय ते जंताने केलेलं नाही. तुझ्याच माणसांनी केलेलं आहे.

त्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग म्हणाला, “म्हणजे आमच्यासारखंच. हत्ती निघून जाते, मागून आमी पन्नास जण येतो, अन् उरलेला धान तुडवतो.”

मी हसले नाही. मी म्हटलं, देविदासभाऊ, या लोकांना थांबवायचं औषध आहे. पण ते द्यायला साहेबांना खात्री पाहिजे. तू खाल्लं असशील तर ते औषध तुला वाचवेल, आणि नसशील खाल्लं तर मारेल. आता तूच सांग.

“लिहाल का कागदावर?”

“अर्धकच्चं मांस खाल्लं, एवढंच लिहू. कशाचं ते कोणत्याही तपासणीत निघत नाही.” हे मी साहेबांना न विचारता बोलले. नंतर साहेबांनी ते निमूट मान्य केलं.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. पंचनामा होता. तुळशीरामच्या शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत रानडुक्कर पडून मेलेलं सापडलं. रेंजचे साहेब त्या दिवशी दुसऱ्या टोकाला वाघाच्या भानगडीत अडकले होते, त्यांनी फोनवरच सांगितलं की पंचनामा कर, जाळून टाक आणि फोटो पाठव. देविदासने तसंच केलं. खाली अक्षर सुवाच्य होतं, ‘सदर मृत रानडुक्कर पंचांसमक्ष जाळून पूर्णपणे नष्ट करण्यात आले.’ त्याखाली चार पंचांच्या सह्या आणि पाचवी त्याची. पहिली तीन नावं माझ्या रजिस्टरमध्ये आधीच होती.

फोटोसाठी जाळ मोठा केला होता, तो सांगत होता. वरची कातडी जळाली, फोटो निघाले, ग्रुपवर गेले, रेंजच्या साहेबांचा अंगठा आला. मग कोणीतरी म्हणालं की वास चांगला सुटला. मानसानं काय करावं, बाई. वरून भाजलेलं, आत हाडापाशी लाल होतं. त्याला नवरात्राचा नेम आठवला होता, पण पंचनामा करणारा माणूसच उठून गेला तर बाकीच्यांना शंका येईल, म्हणून तो बसला. पंचनाम्यात लिहिलेलं जवळजवळ खरं होतं. फक्त ‘पूर्णपणे’ हा शब्द तेवढा चुकला होता, आणि सगळं त्या एका शब्दानेच केलं.

साहेबांनी त्याला पहिलं इंजेक्शन ॲम्ब्युलन्समध्ये चढवण्याआधीच दिलं. या वेळी तो सुईकडे पाहत राहिला. काढा बंद करायला सांगितलं तेव्हा निरोपावरून आलेली त्याची बायको साहेबांशी भांडली. नवरा मरायला टेकला आणि डॉक्टर प्रतिकारशक्ती कमी करायचं औषध देतो, ही गोष्ट तिला पटण्यासारखी नव्हतीच. तिला मी व्हरांड्यातल्या पोस्टरखाली बसवून समजावत होते. पोस्टर माझ्या डोक्यावर होतं, आणि ती माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवत होती.

मधल्या वेळात मी पंचनाम्यावरचा चौथा पंच शोधून बोलावला. त्याला थोडा ताप होता, त्याचंही गोळ्यांवर भागलं. चंद्रपूरला देविदासच्या पोटरीतला मांसाचा कणभर तुकडा काढला, त्यात गुंडाळी करून बसलेला जंत दिसला. तीन आठवड्यांनी तो घरी आला, बारीक झालेला पण चालता. सहा महिन्यांनी मोटारसायकलवर बसला. साहेब त्या दिवसांत शिट्टी वाजवत फिरत. मलाही वाटलं की एवढी वर्षं डोळे फोडले ते एकदा सार्थकी लागलं. पाच सह्या, पाच पेशंट, पाचही बरे.

पुढे लोकांना सावध करायचं ठरलं, तेव्हा खरी पंचाईत झाली. ‘रानडुकराचं मांस नीट शिजवून खा’ असा बोर्ड सरकारी दवाखान्यात लावता येत नाही, कारण सरकारच्या मते ते कोणी खातच नाही. ‘रानडुक्कर खाऊ नका’ असं लिहिलं तर वनखात्याचे लोक विचारणार, का हो, कोणी खाल्लं? दोन दिवस खल करून आम्ही लिहिलं, ‘मांस नीट शिजवूनच खावे.’ चौकातला चिकनवाला तिसऱ्या दिवशी भांडायला आला. बोर्डामुळे कोंबडीला रोग आल्याची बोंब उठली होती आणि त्याच्या दुकानात कुत्रंही फिरकेना. आठवड्याने बोर्ड काढला. रानडुक्कर खाणाऱ्यांपैकी एकानेही तो वाचला असेल असं मला वाटत नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती जास्त आनंदाने लिहिली असती.

त्याच उन्हाळ्यात, रोहिणीची उन्हं तापली होती तेव्हा एक माणूस माझ्या खिडकीशी आला. चाळिशीचा असेल, पण साठीचा दिसत होता. पाय सुजलेले, चप्पल हातात, कारण ती पायात जात नव्हती. दोन पायऱ्या चढून तो खाली बसला आणि श्वास पुरा झाल्यावर चिठ्ठी पुढे केली. नाव लहानू. गाव वाचलं आणि मी चष्मा नीट केला. तुळशीरामचं गाव.

तो तुळशीरामच्या वावरात मजुरीला जायचा. हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला गेला होता, इकडून टोळ्या जातात तशी. तिकडे पोचल्या पोचल्या तोंड सुजलं, अंग दुखायला लागलं. मुकादम म्हणाला मिरचीची धग असते, होते सगळ्यांना. मग दम लागायला लागला. तीन महिने तो तसाच मिरची तोडत राहिला, कारण हिशोब शेवटी होतो, मधेच सोडून कोणी येत नाही.

मी त्याला विचारलं, पौषात कधी रानडुक्कर खाल्लं होतं का.

“खाल्लं ना बाई,” तो म्हणाला. “इहिरीत मीच उतरलो होतो दोर बांधाले. मले पाठीचा वाटा भेटला. घरी नेऊन भाजलं. बायको खात नाई.”

एवढंच. हात जोडले नाहीत, नवरात्र सांगितलं नाही. जे तीन माणसांनी कधी सांगितलंच नाही आणि एका सरकारी नोकराने मरायला टेकल्यावर सांगितलं, ते याने रक्त काढायच्या आधी सांगून टाकलं. मी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलं?

“मले कोणी इचारलंच नाई.”

मी पाच बोलावले, कारण कागदावर पाच होते. विहिरीतून डुक्कर वर आलं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, आणि साहेबांच्याही नाही. पुढे देविदास भेटला तेव्हा मी त्याला खडसावून विचारलं, लहानूचं नाव का नाही घेतलंस? त्याला खरंच नवल वाटलं. तो काही लबाड माणूस नव्हता. म्हणाला, “पण बाई, तो कुठी पंच होता?”

लहानूला साहेबांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या सोनोग्राफीत दिसलं की हृदयाच्या आतल्या अस्तराला जाड वण आलेत आणि ते नीट फुलत नाही. वणाला औषध नाही. पाणी उतरवायच्या गोळ्या आहेत, त्या तो अजून घेतो. मजुरी सुटली. आता बायको जाते, तो घरी बसून दोर वळतो.

पण त्या दिवशी, नागपूरला जायच्या आधी, मी त्याचंही रक्त पाहिलं होतं. नियमच आहे. काचपट्टी रंगवली, शंभर पेशी मोजल्या, मग मुद्दाम आणखी शंभर. इओसिनोफिल शंभरात तीन. ज्यांनी नासधूस केली ते काम आटोपून कधीच निघून गेले होते. हिमोग्लोबिन बरं, हिवताप नाही, लघवी साफ. माझ्या खोलीत त्याच्याविरुद्ध काहीही सापडलं नाही.

मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं, काय निघालं बाई?

मी म्हटलं, सगळं नॉर्मल आहे.

त्याने कागदाची घडी केली, बंडीच्या खिशात जपून ठेवली आणि मला नमस्कार केला.